दार सुटलं पाहिजे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा आत प्रेक्षक नव्हते. त्या रात्रीबद्दल बोलताना हे वाक्य बहुतेक सगळ्यात शेवटी येतं. मला ते सगळ्यात आधी लिहावंसं वाटतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावानं उभं केलेलं हे नाट्यगृह. शेजारीच त्यांनी बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान. त्या बाजूनं आलेली आग जुन्या लाकडाला भिडली आणि छत गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. आजूबाजूच्या गावांतून बंब आले. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. १८९० साली जन्मलेला, ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी उभी करणारा हा गायक-नट १९२१ साली ऐन तारुण्यात गेला. त्याच्या जयंतीच्या आदल्या रात्री त्याच्या नावाची वास्तू जळावी, हा योगायोग शहराला फार लागला. वास्तू गेली, माणसं वाचली. पण ती वाचली ते खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून.

नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम आता हाती घेतलं गेलं आहे. जुनं रूप जसंच्या तसं हवं असा शहराचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे. दगडी भिंती, दर्शनी भाग, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नटाचा आवाज, यांवर पुष्कळ बोललं गेलं. दारांवर फारसं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. हा लेख दारांविषयी आहे. नेमकं सांगायचं तर आगीची वर्दी देणारी यंत्रणा आणि दार यांच्यामध्ये जी एक तार असायला हवी, तिच्याविषयी.

कोल्हापुरातलं एखादं बऱ्यापैकी मोठं रुग्णालय, हॉटेल, बँकेची मुख्य शाखा किंवा नवं व्यापारी संकुल डोळ्यांसमोर आणा. छताला धुराचे डिटेक्टर असतात. जिन्यापाशी काच फोडून दाबायचा लाल डबा असतो. स्वागतकक्षामागे किंवा वॉचमनच्या खोलीत पॅनेल असतं आणि प्रत्येक मजल्यावर हूटर. त्याच इमारतीत दारांवर कार्ड दाखवायची, बोटाचा ठसा द्यायची यंत्रं असतात आणि चौकटीच्या वरच्या अंगाला ईएम लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाचं कुलूप. पहिली यंत्रणा ‘फायरवाल्यानं’ बसवलेली असते, दुसरी ‘सीसीटीव्हीवाल्यानं’. कामं वेगळ्या वर्षी झालेली, बिलं वेगळी, देखभालीचे वार्षिक करार (एएमसी) वेगळे. हे दोन ठेकेदार एकमेकांना भेटलेलेही नसतात. मग आग लागते. डिटेक्टर पॅनेलला सांगतो, पॅनेल हूटरला सांगतं, हूटर साऱ्या मजल्याला सांगतो. दाराला कुणी काहीच सांगत नाही. ते कार्डाची वाट बघत तसंच बंद राहतं.

ईएम लॉक ही चीज समजून घेण्यासारखी आहे. चौकटीला विद्युतचुंबक, दाराला लोखंडी पट्टी. बारा किंवा चोवीस व्होल्टचा डीसी प्रवाह चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतो. काचेच्या दारांवर दिसतो तो नेहमीचा ईएम लॉक सहाशे पौंडांचा, म्हणजे सुमारे २७० किलोचा जोर सहन करतो, आणि त्याच्या दुप्पट ताकदीचेही सर्रास मिळतात. खासबागेतल्या पैलवानानं खांदा लावला तरी हे दार हलणार नाही. मग धुरानं गुदमरलेल्या, खोकणाऱ्या, पोराला कडेवर घेतलेल्या बाईला ते काय हलणार? पण या कुलपाचा एक गुण असा, की त्याची सगळी ताकद विजेत आहे. प्रवाह तोडला की त्या क्षणी ते कुलूप राहतच नाही. कडी, कोयंडा, अडसर यांना हे जमत नाही. ते माणसाच्या हाताशिवाय सरकत नाहीत. आग आणि दार यांची गाठ घालायची तर हाच गुण कामाला लावायचा असतो. दार धरून ठेवायला वीज लागावी आणि सोडायला काहीच लागू नये. वीज गेली, तार जळाली, पॅनेल बंद पडलं, काहीही बिघडलं तरी दार सुटलेलंच सापडलं पाहिजे. या कामातले लोक याला ‘फेल-सेफ’ म्हणतात. उलट जातीचं कुलूप ‘फेल-सिक्युअर’. वीज गेली की ते बंदच राहतं. तिजोरीच्या खोलीला ते शोभतं. माणसांच्या वाटेवर ते बसवायचं तर आतल्या बाजूनं नुसत्या हँडलनं दार उघडेल अशी सोय हवीच.

दारामुळे माणसं मेल्याचा इतिहास ईएम लॉकच्या कितीतरी आधीचा आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी खेळणी वाटणार असं जाहीर झालं आणि वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. खालचं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढं किलकिलं ठेवून खिटी घातलेली होती. १८३ मुलं चेंगरून गेली. आग नव्हती, धूर नव्हता, फक्त खिटी घातलेलं एक दार होतं. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसानं, ढकललं की उघडणाऱ्या आडव्या दांडीचं पेटंट १८९२ साली घेतलं.

३० डिसेंबर १९०३ ची शिकागोच्या इरोक्वा थिएटरची आग मात्र नाटकवाल्या गावानं मुळापासून वाचावी अशी आहे. थिएटर नवंकोरं होतं, ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात होती. सुट्टीतला दुपारचा खेळ, आत बायका-मुलांची खच्चून गर्दी. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारा ॲस्बेस्टॉसचा पडदा उतरायला हवा होता. तो अर्ध्यातच अडकला. प्रेक्षकांकडची काही दारं कुलूपबंद होती, काही पडद्यांआड झाकलेली, काहींना अशा जातीची कडी की ती कशी उघडतात हे प्रेक्षकांना ठाऊकच नव्हतं. आणि रंगमंचामागचं मोठं दार मात्र जीव वाचवायला धावलेल्या नटांनी उघडलं. थंड वारा आत घुसला आणि आगीचा लोळ त्या अडकलेल्या पडद्याखालून थेट माणसांवर गेला. ६०२ माणसं मेली.

मला ही आग महत्त्वाची वाटते ती आकड्यासाठी नाही. एकाच घरात, एकाच दुपारी जी दारं उघडायला हवी होती ती बंद राहिली, जो पडदा मिटायला हवा होता तो उघडा राहिला, आणि जे दार त्या घडीला उघडायला नको होतं ते उघडलं. ‘आगीत सगळी दारं उघडी करा’ हे ऐकायला बरं वाटतं, पण ते चुकीचं आहे. आगीत काही दारं सुटायची असतात आणि काही मिटायची असतात. कोणतं कुठलं, हे आगीच्या आधी, शांतपणे नकाशा पुढ्यात घेऊन ठरवावं लागतं.

त्या दुपारच्या खेळाचं तिकीट असूनही ऐनवेळी न गेलेला कार्ल प्रिन्झलर हा इंडियानापोलिसचा हार्डवेअर विक्रेता. वाचल्याची ती टोचणी त्यानं कामाला लावली. हेन्री ड्यूपाँट या वास्तुविशारदाच्या साथीनं त्यानं आतून अंगाचा भार पडला तरी सुटेल असा दांडीचा अडसर घडवून घेतला आणि १९०८ साली तो बाजारात आला. आजही पॅनिक बार म्हणून आपण जो बघतो तो त्याच कुळातला. आपलं पॅलेस थिएटर उभं राहिलं त्याच्या अवघी सात वर्षं आधीची ही गोष्ट.

आपल्याकडचा धडा दिल्लीच्या ‘उपहार’चा. १३ जून १९९७. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला आणि बाल्कनीतले लोक कोंडले गेले. ५९ जण गेले. न्यायालयांसमोर जे आलं ते वाचताना आजही संताप येतो. बाल्कनीच्या उजव्या अंगाची वाट खाजगी बॉक्स बसवून बंद केलेली होती, जादा खुर्च्या घालून बोळ अरुंद केलेले होते, दाराला बाहेरून खिटी होती आणि गेटकीपर जागेवर नव्हता. लोकांना बाहेर पडा असं सांगणारी साधी घोषणासुद्धा झाली नाही. सगळं एका माणसावर सोपवलेलं होतं आणि तो माणूस तिथं नव्हता. कोल्हापुरातल्या कुठल्या इमारतीत आज हीच व्यवस्था नाही? मागच्या जिन्याची किल्ली कुणाकडे असते हे विचारून बघा. ‘पांडुमामाकडं’, ‘शिपायाकडं’, ‘साहेबांच्या ड्रॉवरमध्ये’ अशी उत्तरं मिळतात. ही उत्तरं देणारी माणसं चांगली असतात. पण किल्ली ज्याच्याकडे आहे तो रात्री दोन वाजता कुठं असेल, हे त्यांना सांगता येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेचं म्हणणं याबाबत स्वच्छ आहे. ज्या बाजूच्या माणसांसाठी बाहेरचं दार आहे, त्या बाजूनं ते किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. ते बाहेरच्या दिशेनं उघडावं. रुंदी निदान एक मीटर असावी आणि जिथं लोक जमतात अशा सभागृह-नाट्यगृहांत निदान दोन मीटर. वाट कुठली याचा गोंधळ उडू नये म्हणून बाहेर जायच्या वाटेवर आरसे लावू नयेत, इतक्या बारकाव्यापर्यंत संहिता जाते. हे सगळं साध्या कडी-कुलपाच्या दारासाठीही खरं आहे. विजेचं कुलूप आलं की त्याला एक जबाबदारी वाढते: आगीची वर्दी मिळताच आपण होऊन सुटायचं.

आता रुग्णालयाकडे येऊ, कारण दारांचा खरा गुंता तिथंच आहे. २०२१ हे वर्ष महाराष्ट्रानं विसरू नये. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात दहा बाळं गेली. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १५ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. या तिन्ही ठिकाणी जे अडकले ते पळू शकणारे नव्हते. कुणी काचेच्या पेटीत, कुणी नळ्यांना जोडलेलं. त्यांना नुसतं ‘दार उघडं आहे, निघा’ म्हणून भागत नाही. त्यांना खाटेसकट सरकवावं लागतं, आणि जिन्यावरून खाट चटकन उतरत नाही. म्हणून जगभर रुग्णालयांत आधी आडवं हलवण्याची रीत आहे. त्याच मजल्यावर शेजारच्या विभागात न्यायचं आणि मधलं दार मिटवून धूर अडवायचा. हे मधलं दार आग-धूर सोसणारं हवं आणि ते वेळेवर मिटायला हवं.

पण रुग्णालयात दार मिटलेलं कुणाला परवडतं? दिवसभर स्ट्रेचर, जेवणाच्या गाड्या, सलाइनचे स्टँड घेऊन माणसं जातात. दाराला क्लोजर असतो, तो दार सतत मिटवतो, मावशी वैतागतात. मग दाराखाली लाकडी पाचर येते. कुठं दोरीनं हँडल बांधलेलं असतं. कित्येक ठिकाणी तर लाल अग्निशामक सिलिंडरच दाराला टेकू म्हणून लावलेला दिसतो. यात मावशींना दोष देऊन काही मिळत नाही. त्यांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. दारामागच्या भिंतीला छोटा चुंबक बसवायचा. तो दार उघडं धरून ठेवतो. आगीची वर्दी आली की पॅनेल त्याची वीज तोडतं, क्लोजर आपलं काम करतो आणि दार मिटतं. मिटतं, पण कुलूप लागत नाही; ढकललं की उघडतं, सोडलं की पुन्हा मिटतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली. तिथल्या चौकशीत, घरांच्या अनेक दारांचे आपोआप मिटणारे क्लोजर नव्हतेच किंवा निकामी होते, हे ठळकपणे पुढं आलं. माणसं घाईनं बाहेर पडली, मागं दारं उघडी राहिली आणि त्यांतून धूर जिन्याकडे गेला.

तर एकाच मजल्यावर हिशेब असा असतो. कार्डवर चालणाऱ्या नवजात कक्षाच्या दाराचं कुलूप सुटायचं, पण पाखं मिटलेलंच राहायचं. जिन्याचं, चुंबकानं उघडं धरलेलं दार मिटायचं, पण कुणालाही ढकलून उघडता यायचं. तळमजल्यावरचं काचेचं सरकतं दार उघडून तसंच उभं राहायचं. गच्चीचं कुलूप सुटायचं. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबायची. एसीचा वारा बंद व्हायचा, नाहीतर तोच धूर खोल्याखोल्यांत पोचवतो. ही सगळी यादी एका कागदावर लिहिलेली असते. कुठल्या डिटेक्टरनं काय घडायचं याचा तो तक्ता. कामातले लोक त्याला ‘कॉज अँड इफेक्ट’ म्हणतात. इमारतीच्या मालकानं ठेकेदाराकडे पहिल्यांदा मागायचा तो हा तक्ता. तो मिळत नसेल, तर सगळं बसवलेलं असूनही कुणी काहीच ठरवलेलं नाही असं समजावं.

तार कशी जोडायची हेही मालकाला कळायला हवं, कारण चुका इथंच दडतात. पॅनेलमध्ये किंवा त्याच्या लूपवरच्या मॉड्यूलमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारी कळ, असते. ईएम लॉकला वीज देणाऱ्या पुरवठ्याची तार त्या रिलेच्या काँटॅक्टमधून नेतात. आग आली की काँटॅक्ट उघडतो, लॉकची वीज तुटते. ऐकायला एवढं सोपं. पण अनेक ठिकाणी ही तार चुंबकाच्या बाजूला न तोडता पुरवठ्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला तोडलेली असते. पुरवठ्याच्या डब्यात सात अँपिअर-तासाची बॅटरी बसलेली असते, वीज गेली तरी दाराची राखण चालावी म्हणून. लॉक खातो जेमतेम अर्धा अँपिअर. म्हणजे पॅनेलनं इमानदारीनं वीज तोडली तरी बॅटरी दहा-बारा तास दार घट्ट धरून ठेवते. चाचणीच्या वेळी पॅनेलवर दिवा लागतो, रिलेचा टक आवाज येतो, सगळे माना डोलावतात. दार ढकलून कुणी बघत नाही.

दुसरी चूक सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवण्याची. आगीचा इशारा कार्ड वाचणाऱ्या कंट्रोलरला द्यायचा आणि त्यानं दार सोडावं अशी अपेक्षा ठेवायची. कंट्रोलर अडकला, नेटवर्क बसलं, कुणी सेटिंग बदललं की इशारा हवेत. म्हणून तुटायची ती वीज थेट लॉकची तुटावी, मध्ये कुणाचा विचार असू नये. तिसरी चूक रिलेच्या स्वभावाची. नेहमी रिले चालू स्थितीत धरून ठेवावा आणि आगीत तो सुटावा, अशी जोडणी केली की पॅनेल मेलं किंवा उंदरानं तार कुरतडली तरी दार सुटतं. उलटी जोडणी केली तर तुटलेली तार कुणाला कळतच नाही. चौथी चूक हूटरची. गोंगाट नको म्हणून वॉचमन ‘सायलेन्स’ दाबतो आणि काही ठिकाणी त्याबरोबर दारंही पुन्हा लागतात. हूटर गप्प करणं वेगळं आणि पॅनेल रीसेट करणं वेगळं. दार पुन्हा लागावं ते फक्त रीसेटनंतर, आणि तेही माणूस जाऊन बघून आल्यावर. शिवाय प्रत्येक अशा दाराशेजारी आतल्या बाजूला काच फोडून दाबायचा हिरवा डबा हवाच. तो पॅनेलच्या भानगडीत न पडता लॉकची वीज हातानं तोडतो. एक्झिटचं साधं पांढरं बटण त्याची जागा घेऊ शकत नाही; ते बहुतेक कंट्रोलरलाच विनंती करत असतं.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. पंचगंगेचं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या सखल भागातल्या तळघरांत आणि तळमजल्यांत पाणी शिरलं. पॅनेल, बॅटऱ्या, लॉकचे पुरवठे तिथंच भिंतीला गुडघाभर उंचीवर बसवलेले असतील, तर पूर ओसरल्यावर ती यंत्रणा वरून धडधाकट दिसते आणि आतून गेलेली असते. पूररेषेच्या वर पॅनेल न्यायला फार पैसे लागत नाहीत.

आता सराफांचा प्रश्न. कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ पेठेतल्या, कुणाही दुकानदाराला विचारा, ‘आगीचा भोंगा वाजला की दार आपोआप सुटेल’ हे ऐकून तो आधी चोराचा विचार करतो. उद्या कुणी उदबत्ती डिटेक्टरखाली धरली, किंवा लाल डब्याची काच फोडली, तर दुकान उघडं पडायचं? ही भीती खोटी नाही, आणि तिला नुसतं ‘जीव महत्त्वाचा’ म्हणून उडवून लावू नये. पण तिची उत्तरं आहेत. सोनं तिजोरीत असतं आणि तिजोरीची खोली ही माणसांची वाट नसते. तिथलं कुलूप पॅनेलला जोडायची गरजच नाही. ग्राहक आणि कामगार ज्या दारानं बाहेर पडतात तेवढंच सुटलं पाहिजे. ते सुटलं की तिथं मोठा भोंगा वाजावा, कॅमेऱ्यानं टिपावं, मालकाच्या मोबाइलवर कळावं. अमेरिकेच्या एनएफपीए संहितेनं दुकानांची ही अडचण ओळखून काही इमारतींत पंधरा सेकंद उशिरानं उघडणारं दार चालवून घेतलं आहे. दांडी ढकलली की भोंगा सुरू होतो आणि पंधरा सेकंदांनी दार उघडतं. पण तिथंही अट आहेच: आगीची वर्दी आली किंवा वीज गेली तर पंधरा सेकंद नाहीत, लगेच.

चोराच्या भीतीनं आपण काय करतो याचं सगळ्यात भीषण उदाहरण पुण्याजवळचं आहे. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाची इथल्या कापडाच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होतं. पाचही जण गेले. तिथं कुठलंही अत्याधुनिक पॅनेल कमी पडलं नव्हतं. आत माणसं आहेत हे माहीत असून बाहेरून कुलूप लावण्याची रीतच नको होती. इचलकरंजीच्या कारखान्यांपासून महाद्वार रोडवरच्या दुकानांपर्यंत आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या शेडपर्यंत, रात्री आत कुणी झोपत असेल तर बाहेरचं कुलूप हा गुन्हाच मानला पाहिजे. मोटरवर चालणारं शटर असेल तर वीज गेल्यावर आतून साखळीनं ते वर जातं का, हे त्या झोपणाऱ्या पोरानं स्वतः ओढून बघितलेलं असावं.

बसवलेली यंत्रणा बंद का पडते, याचं कारण बहुतेक वेळा फॉल्स अलार्म हे असतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तांबड्या रश्श्याची फोडणी पडली आणि धुराच्या डिटेक्टरनं अख्खं हॉटेल रस्त्यावर आणलं, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी मॅनेजर पॅनेल ‘बायपास’वर टाकतो. मग ते कायमचं तसंच राहतं. स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर बसवायचाच नसतो. तिथं उष्णतेवर चालणारा बसवतात. धूळ उडणाऱ्या, धूप जळणाऱ्या जागी दोन डिटेक्टरांनी मिळून खूण केली तरच पुढची पायरी चढेल अशी रचना करता येते. फुकट वाजणाऱ्या भोंग्याचा दोष भोंग्याला नाही, तो कुठं लावला त्याला आहे. हे नीट केलं नाही, तर दाराची तार जोडूनही उपयोग नाही, कारण ती जोडलेली कुणी ठेवणारच नाही.

म्हणूनच नाट्यगृहाचं काम सगळ्यात नाजूक आहे. प्रयोगाआधी रंगदेवतेची पूजा होते, नारळ फुटतो, उदबत्ती-धूप असतोच. नाटकात धुराची यंत्रं असतात. उंच छत, त्यामुळे धूर वर पोचेपर्यंत पातळ होतो. अशा ठिकाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किरण टाकून धूर ओळखणारे किंवा नळीनं हवा ओढून तपासणारे डिटेक्टर लागतात, आणि प्रयोगाच्या वेळी पॅनेलपाशी बसलेला एक जाणता माणूस लागतो. पण धुराच्या यंत्रासाठी म्हणून सगळी यंत्रणा बायपास करायची मुभा कुठल्याही नाट्यसंस्थेला नको. नव्या केशवराव भोसले नाट्यगृहात प्रेक्षकांच्या प्रत्येक दाराला पॅनिक बार हवा आणि त्यावर दुसरं कुठलंही कुलूप, साखळी, कडी नको. आगीची वर्दी आली की रंगमंचावरचा ध्वनी बंद व्हावा, प्रेक्षागृहाचे दिवे पूर्ण लागावेत, मराठीत स्पष्ट घोषणा व्हावी, दारं सुटावीत. त्याच क्षणी रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आग अडवणारा पडदा स्वतःच्या वजनानं उतरावा. मोटरच्या भरवशावर नको. सामान उतरवायच्या मागच्या मोठ्या दाराचं काय करायचं हे आधी ठरवावं, कारण शिकागोत त्याच दारानं घात केला. हे सगळं जुन्या रूपाला कुठंही धक्का न लावता होतं. तारा भिंतीत जातात. शाहू महाराजांनी त्यांच्या काळातलं उत्तमातलं उत्तम या शहराला दिलं होतं. आपल्या काळातलं उत्तम तिथं बसवणं हे त्यांच्या वृत्तीला धरूनच होईल.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, आणि तो २००८ च्या डिसेंबरपासून लागू आहे. त्यानं जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘नमुना ब’ म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते मिळवण्याची धांदल असते, फाइलला लावलं की निःश्वास सुटतो. पाण्याचा पंप सुरू करून दाखवतात, सिलिंडरांवरच्या तारखा बघतात. दारं क्वचितच बघितली जातात.

दारांची चाचणी करायला अर्धा दिवस पुरतो. डिटेक्टरला खरा धूर द्यायचा, नुसतं पॅनेलचं बटण दाबायचं नाही. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन प्रत्येक दार हातानं ढकलायचं. चुंबकाची पट्टी वीज गेल्यावरही थोडी चिकटून राहते का बघायचं. जुन्या पट्ट्यांना ती खोड असते आणि म्हाताऱ्या हातांना तेवढंही भारी पडतं. मिटणारी दारं शेवटच्या दोन इंचांत अडकत नाहीत ना, पाचर-दोरी काढल्या आहेत ना. मग मुख्य वीज बंद करून, बॅटरीवर, हेच सगळं पुन्हा. हूटर गप्प करून पुन्हा. आणि ही चाचणी रात्रपाळीच्या वॉचमनसमोर करायची, कारण आगी दिवसपाळीची वाट बघत नाहीत. एजन्सीचा वॉचमन दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, पॅनेलवरची अक्षरं इंग्रजी असतात. कुठला झोन म्हणजे कुठली खोली आणि कुठलं दार, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पॅनेलशेजारी चिकटवायला एक कागद लागतो.

जानेवारीच्या ‘नमुना ब’ला कुणीही मालक स्वतःहून एक जादा पान जोडू शकतो. डाव्या बाजूला इमारतीतल्या प्रत्येक दाराचा क्रमांक. त्यापुढं ते सुटायचं की मिटायचं. मग बॅटरीवर चाचणी केली ती तारीख, आणि शेवटच्या रकान्यात, ज्यानं ते दार स्वतःच्या हातानं ढकललं त्याची सही.